पावसावरचा आळ

९ सप्टेंबर १९५६, रविवार

सूर्याजीचा अहवाल काल शाळेत सरकारी कागदांच्या गठ्ठ्यात आला. भूगोलाची बाई म्हणून तो माझ्याच टेबलावर येऊन पडला. आज सकाळी बसून पूर्ण वाचला. ‘सोनखोह जंगलातील वन्य पशूंचा ऱ्हास व त्याची कारणे.’ छत्तीस पानं, आणि छत्तीस पानांत गुन्हेगार एकच. पाऊस. हवामान बदलत चाललं आहे, पाऊसमान घटलं आहे, पाणवठे आटले, गवत करपलं, म्हणून सांबर-चितळ काही मेले, काही निघून गेले. खाली वनाधिकारी म्हणून त्याची वळणदार सही. ती सही करायला त्याला माझ्या वडिलांनी, आबासाहेबांनी, शिकवलं होतं.

सोनखोहचं रान सरदारसाहेबांच्या जहागिरीतलं. आबासाहेबांनी बावीस वर्षं त्याची राखण केली. मानसिंगराव धुमाळ, रानाचे दारोगा. सूर्याजी पोरका, तो बारा वर्षांचा असताना आबासाहेबांनी त्याला चौकीवर आणलं, माग ओळखायला शिकवलं, शिफारस करून डेहराडूनला वनखात्याच्या शिक्षणाला धाडलं. मग जहागिऱ्या गेल्या. बावन सालच्या डिसेंबरात सरकारच्या वतीनं रान ताब्यात घ्यायला आला कोण, तर हाच. मी उज्जैनला ट्रेनिंगला होते, सामान बांधायला म्हणून दोन दिवस आले होते. माझ्यासमोर त्यानं किल्ल्यांचा जुडगा घेतला. आबासाहेबांचे हात थरथरत होते आणि हा वरसुद्धा बघेना. ‘दारोगासाहेब, इथं सही करा,’ एवढंच म्हणाला.

तेव्हापासून आम्ही ग्वाल्हेरच्या दाल बाजारातल्या या दोन खोल्यांत. आबासाहेब एकदाही रानात गेलेले नाहीत.

एक नोव्हेंबरला मध्यभारत संपून नवा प्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार. तिथं वरच्या जागेसाठी सूर्याजीचं नाव आहे म्हणतात. या अहवालाच्या जोरावर. मी ते नाव पुसणार. आज लिहून ठेवते.

१० सप्टेंबर

संध्याकाळी आबासाहेबांना अहवाल वाचून दाखवला. वाटलं होतं, भडकतील. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “बरोबर लिहिलंय त्यानं.”

“बरोबर? आबासाहेब, सगळा दोष पावसाचा?”

“पाऊस कमीच झाला गं. हवा पूर्वीची राहिली नाही.”

आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माणूस किती मोडावा! ज्यानं अपमान केला त्याच्याच हो ला हो मिळवतात. माझा निश्चय दुप्पट झाला.

१६ सप्टेंबर, रविवार

माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आबासाहेब दुपारी डुलकी घेत होते. पेटीत त्यांच्या पावसाच्या वह्या आहेत, एकोणीसशे तीसपासूनच्या. चौकीच्या अंगणात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी आठ वाजता ते स्वतः बघायचे आणि कोरड्या दिवशीही शून्य लिहायचे. मी लहानपणी विचारायची, पाऊस नाही तर लिहायचं कशाला? म्हणायचे, “शून्यसुद्धा बघितल्याशिवाय लिहायचं नाही.” त्याच वह्यांत मागे उन्हाळ्यातली पाणवठ्यावरची मोजणी.

रात्री उशिरापर्यंत आकडे मांडले. सोनखोहची सरासरी तीस इंच. एकेचाळीस साली पडला अवघा चौदा. म्हणजे सूर्याजीच्या हिशेबानं तेव्हा रान ओस पडायला हवं होतं. मोजणीत सांबर दोनशे आठवरून एकशे एकाहत्तरवर आलं, आणि दोनच वर्षांत पुन्हा दोनशेवर. आता एक्कावन साल. पाऊस सत्तावीस इंच. बावनला एकतीस. हा दुष्काळ? एक्कावनच्या मे महिन्यात सांबर दोनशे चौदा. त्रेपनच्या मे महिन्यात सूर्याजीच्याच मोजणीत अकरा.

चौदा इंचांत जी जनावरं जगली, ती एकतीस इंचांत मेली! एवढं गणित तर सहावीच्या मुलींनाही येतं.

एक गोष्ट खटकली म्हणून टिपते. बावनच्या वहीत ९ जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत पानं कोरी आहेत. शून्यसुद्धा नाही, आणि मागे त्या मे महिन्याची मोजणीही नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या थंडीत आबासाहेब आजारी पडले असणार आणि मला उज्जैनला कळवलंही नसणार. किती एकटे होते!

२३ सप्टेंबर, रविवार

सोनखोहला जाऊन आले. आबासाहेबांना सांगितलं की सहलीची जागा बघायला जाते. घाटीगावपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. चार वर्षांनी पाहिलं. पाणी कुठे आटलंय? कुंड तुडुंब, गवत कमरेइतकं. फक्त त्या गवतात कुणी नाही. कुंडाच्या चिखलात बकऱ्यांचे खूर आणि एका रानडुकराचा माग. बस्स.

मग नदी ओलांडून पलीकडे गेले. तिकडे बैराग्यांच्या मठाचं रान. मधे पन्नास हात पाणी आहे, तेवढंच अंतर. तिथं बंदूक नेऊ देत नाहीत. अर्ध्या तासात तीस-पस्तीस चितळ पाहिले, एक सांबराची मादी पिल्लाला घेऊन झाडीत शिरली. दोन्ही काठांवर एकच आभाळ. पाऊस काय नदी बघून पडतो?

परत येताना दौलतसिंहांची गाठ घेतली. आबासाहेबांच्या हाताखालचे जुने राखणदार, आता सत्तरीचे. मला बघून घाईघाईनं पगडी बांधली. विचारलं, जनावर गेलं कुठं? आधी पाऊस-पाण्याच्या गोष्टी केल्या. मी वहीतले आकडे सांगितले. मग म्हणाले, “हाँके हुए थे, बाईसाहब. बावन के जाड़ों में. नौ हाँके.”

नऊ! आबासाहेबांच्या काळी वर्षाला एक हाका, म्हणजे रान उठवून जनावर बंदुकांपुढे आणायची शिकार, व्हायचा, तोही सरदारसाहेब आले तर.

“किसके हुक्म से?”

“हुक्म तो हुक्म था.”

“नाम बताइए, दौलतसिंहजी. डरिए मत.”

“डर काहे का. अब क्या रखा है उस बात में.” मग मलाच विचारलं, “दरोगा साहब कैसे हैं? नींद आती है उन्हें?”

डोळे भरून आले माझे. धन्याची इतकी काळजी! सूर्याजीच्या धाकानं नाव घेत नाहीत, पण मला नाव लागत नाही. डिसेंबर बावनमध्ये ताबा कुणाकडे आला ते सरकारी कागदावर आहे. म्हणजे सूर्याजीसाहेब आले, नवी बंदूक, नवी जीप, आणि सबंध रान मारून टाकलं. मग दोष पावसावर.

२६ सप्टेंबर

रघुनाथरावांना भेटले. लश्कर भागात त्यांचं साप्ताहिक आहे, सगळी मराठी घरं वाचतात आणि सचिवालयातही जातं. मी लिहून नेलेला लेख वाचून त्यांनी चष्मा काढला. “आकडे पक्के आहेत?”

“माझ्या वडिलांच्या अक्षरातले आहेत.”

“मग पक्के. पण हाके सूर्याजींनी घातले, हे तुम्ही नाव घेऊन लिहिताय. साक्षीदार?”

“चौकशी मागा. साक्षीदार उभे राहतील.”

पुढच्या बुधवारी छापणार. लेखाला मथळा मीच दिला: ‘पाऊस निर्दोष आहे’.

३० सप्टेंबर

बातमी फुटली. रविवार असूनही मुलींच्या नाटकाच्या तालमीला शाळेत गेले होते, तिथं सूर्याजी आला. फाटकाशी उभा. कानशिलांवर पांढरे केस आलेत. चार वर्षांत मी त्याला एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं.

“कुमुद, तो लेख मागं घे.”

“का? आकडे चुकलेत?”

“नाही. आकडे बरोबर आहेत. मला माहीत होतं, कुणीतरी एकेचाळीस साल काढेल.” मग म्हणाला, “असं कर. लिही की सूर्याजीला गणित येत नाही. लिही की आळशी आहे, टेबलावर बसून अहवाल लिहितो. मी उत्तर देणार नाही. फक्त चौकशी मागू नकोस.”

काय सुख झालं सांगू! त्याच्या आवाजात विनवणी होती. किल्ल्या घेताना जो आवाज होता तो कुठे गेला?

“चौकशीला भिता?”

“जुने कागद निघतील, कुमुद.”

“निघू देत. मला तेच हवंय.”

“आबासाहेबांना विचारलंस?”

“त्यांचं नाव तुमच्या तोंडून नको.”

तो मान हलवून निघून गेला. सायकल हातात धरून, चालत. मी फाटकाला कडी घातली तेव्हा हसत होते.

३ ऑक्टोबर

छापून आला. पहिल्या पानावर. दहा प्रती विकत घेतल्या आणि सात वाटल्या.

९ ऑक्टोबर

चौकशी लागली. भोपाळच्या यादीतलं सूर्याजीचं नाव तूर्त थांबवलं. रघुनाथरावांनी स्वतः येऊन सांगितलं. २४ तारखेला सुनावणी, मलाही बोलावणं आहे. आज पेढे आणले. आबासाहेबांनी विचारलं कशाचे. म्हटलं, दसऱ्याला सांगेन. चार वर्षं ज्या अपमानानं त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं, त्याची भरपाई सणाच्या दिवशीच त्यांच्या हातात ठेवायची.

१४ ऑक्टोबर, दसरा

काय लिहू.

सकाळी आपट्याची पानं दिली, नमस्कार केला आणि लेख हातात ठेवला. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणाले वाच. वाचला. शेवटी म्हणाले, “पुन्हा वाच. तो हाक्यांचा भाग.” पुन्हा वाचला.

“नऊ हे कुणी सांगितलं?”

“दौलतसिंहांनी.”

“नऊच होते.”

मला वाटलं, त्यांनाही माहीत होतं आणि सूर्याजीला घाबरून बोलले नाहीत. तसं मी म्हणाले.

“डिसेंबरात नाही, कुमुद. जानेवारीत. सूर्याजी येण्याच्या अकरा महिने आधी. हुकूम माझा.”

जसं बोलले तसं लिहिते. कायदा पास झाला होता, रान जाणार हे नक्की होतं. सरदारसाहेबांनी मुंबईहून लिहिलं, जातंच आहे तर तुम्हीही मजा करून घ्या. आबासाहेबांनी ते पत्र आठवडाभर खिशात ठेवलं. मग ओळखीच्या प्रत्येक बंदूकवाल्याला निरोप धाडला. लॉऱ्या आल्या. मार्चअखेरपर्यंत मारत होते.

“का?” मी विचारलं.

“बावीस वर्षं एकेक पाडस राखलं मी. ते त्या फायलीवाल्यांच्या हाती जिवंत द्यायचं नव्हतं. मला वाटलं, रिकामं रान घ्या म्हणावं. बसा मोजत.”

“आणि सूर्याजी?”

“तो आला. दोन दिवस माझ्याबरोबर फिरला. कुंडाच्या वरच्या अंगाला खड्डा होता, कवट्यांचा. त्यानं बघितला. काही बोलला नाही. ताब्याच्या कागदावर लिहिलं, अवर्षणामुळे जनावर कमी. आणि म्हणाला, इथं सही करा. म्हणून हात थरथरत होते माझे. त्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.” मग म्हणाले, “कधी कधी मलाही वाटायचं, पाऊसच असेल. चार वर्षं सगळे तेच म्हणतात.”

त्यांच्या मांडीवर आपट्याची पानं होती. ती त्यांनी झटकलीही नाहीत.

१५ ऑक्टोबर

शाळेत गेले नाही.

१८ ऑक्टोबर

खरं लिहिते, कारण इथं तरी खोटं नको. मला सूर्याजीची दया येत नाही. राग येतो, पहिल्यापेक्षा जास्त. त्यानं का सांगितलं नाही? चार वर्षं मला त्याचा द्वेष करू दिला. शाळेच्या फाटकाशी एक वाक्य बोलला असता तर? पण बोलला असता तर मी विश्वास ठेवला असता का? त्याच्या तोंडावर थुंकले असते.

आबासाहेब जेवत नाहीत. म्हणतात, “आता तू बघ. मला तिथं जायला सांगू नकोस.” रान मारताना कुणाला विचारलं नाही, आणि आता मी बघू!

गप्प बसले तर सूर्याजी संपतो आणि वडील वाचतात. मला हवं होतं ते सगळं मिळतं, फक्त तोंड मिटून. चार दिवस मी त्याचाच विचार करते आहे. आधीच ठरवलं होतं असं म्हणवत नाही.

२४ ऑक्टोबर

सुनावणी झाली. दालनात अर्ध्या फायली खोक्यांत, भोपाळला जायला बांधलेल्या. चौकशीचे साहेब वयस्क, सभ्य. सूर्याजी समोर बसला होता. बाजूच्या बाकावर दौलतसिंह, पगडी बांधून.

साहेबांनी आधी मला आकड्यांबद्दल विचारलं. मी एकेचाळीस साल सांगितलं, मठाचं रान सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे हवामान बदलतच नाही, असं आपलं म्हणणं?”

“तसं नाही. बदलत असेल. बावीस वर्षांच्या आकड्यांवरून मला ते सांगता येणार नाही. पण सोनखोहचं सांबर पावसानं संपलं नाही, एवढं सांगता येतं.”

“मग हाके. आपण लिहिलंय, ते या साहेबांनी घातले.”

मी तोंड उघडण्याआधी सूर्याजी उभा राहिला. “साहेब, हाके कुणी घातले याचा पुरावा नाही. अहवाल माझा, चूक माझी. एवढ्यावर हे मिटवावं.”

दौलतसिंह मान खाली घालून बसले होते. त्या क्षणी मला कळलं की हे दोघं मिळून माझ्या वडिलांना झाकताहेत आणि मलाही. मला ते सहन झालं नाही. उपकार करतोय माझ्यावर! आबासाहेबांना त्या सहीच्या वेळी काय वाटलं असेल ते मला तेव्हा समजलं.

मी म्हणाले, “माझा लेख चुकीचा आहे. हाके जानेवारी ते मार्च बावनमध्ये झाले. तेव्हा हे इथं नव्हते. हुकूम दारोगा मानसिंगराव धुमाळ यांचा. ते माझे वडील.”

बोलले ते सत्य होतं. पण सत्यासाठी बोलले की त्याचा उपकार झिडकारायला, ते मला अजून ठरवता येत नाही.

बाहेर जिन्यात सूर्याजी म्हणाला, “हे करायला नको होतंस.”

“तुम्ही चार वर्षं खोटं का लिहिलंत? माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी नाही गं. मला पहिला माग त्यांनी दाखवला. त्यांचं नाव कागदावर घालायला माझा हात चालला नाही.”

घरी आले. आबासाहेबांनी विचारलं, “माझं नाव घेतलंस?”

“घेतलं.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

मग त्यांनी भात मागितला.

१ नोव्हेंबर

मध्यभारत संपला. मुलींना लाडू वाटले, नवा नकाशा फळ्यावर काढून दाखवला. ग्वाल्हेर आता पार वर, कोपऱ्यात.

निकाल आला. हाक्यांबद्दल कुणावर काही नाही. तेव्हा रान जहागिरीचं होतं, मालकाची परवानगी होती, गुन्हा होत नाही. मात्र जाणूनबुजून खोटा अहवाल लिहिला म्हणून सूर्याजीची बढती गेली आणि हुद्दाही एक पायरी खाली. त्यानं सोनखोहच मागून घेतलं म्हणतात.

नऊ सप्टेंबरला मी लिहिलं होतं, ते नाव पुसणार. पुसलं. खरं बोलून पुसलं.

४ नोव्हेंबर, रविवार

आज दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा दिवस. निकाल आबासाहेबांना सांगायचा मी टाळत होते. आज सांगितला.

“मला काहीच नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“दंडसुद्धा नाही?”

“नाही.”

“आणि त्याची बढती गेली.”

“गेली.”

ते म्हणाले, “कायदा देत नसेल तर तू दे. काहीतरी दे, कुमुद.”

मी नको म्हणेन असं त्यांना वाटलं असेल. लेक आहे, पाया पडेल, रडेल. मी उठले, कोरी वही आणली, त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, “सोनखोहला जो बसलाय, त्याला काय होतं आणि किती गेलं हे माहीत असायला हवं. नऊच्या नऊ हाके सांगा. तारीख, बंदुका किती, पडलं काय. मी लिहिते.”

“मला आठवत नाही.”

“शून्यसुद्धा बघितल्याशिवाय लिहिला नाहीत तुम्ही. आठवतंय.”

आठवत होतं. सगळं. पहिला हाका, ९ जानेवारी, कुंडाच्या दक्षिणेला. बंदुका सोळा. सांबर एकोणीस, चितळ सत्तेचाळीस. दुसरा, अठरा जानेवारी. सांगता सांगता त्यांना धाप लागली, घोटभर पाणी प्यायले. मी पान उलटलं. तिसरा सांगून झाला आणि त्यांनी हात वर केला.

“पुरे आता, बेटा. बाकीचे उद्या.”

“उद्या पुढचे तीन. आजचं अजून संपलेलं नाही. तिसऱ्या हाक्यात सांबर बावीस म्हणालात. त्यात माद्या किती?”

“सोळा.”

“त्यातल्या गाभण किती होत्या?”

त्यांनी डोळे मिटले. मी टाक दौतीत बुडवला आणि वाट बघत बसले.